पाचव्या शर्यतीची सहावी घोडी

१९ जुलै, शनिवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस अर्लीन, लोकांवर ओरडण्याऐवजी वहीत ओरडत जा, ब्लडप्रेशर उतरेल." म्हणून ही वही. बघू, किती उतरतं ते.

आज हंगामाचा छप्पन्नावा दिवस पार पडला. चोवीस राहिले. ऐंशी झाले की यंदाची माझी लढाई संपली. आमच्या बायू कार्मेल गावच्या कॅसिनोला परवाना मिळालाय तो घोड्यांच्या जिवावर. वर्षाला ऐंशी दिवस शर्यती, दिवसाला आठ, आणि प्रत्येकीत निदान सहा घोडे. एवढं झालं तर त्यांची जुगाराची मशीनं चालणार, आणि मशीनांच्या कमाईतला वाटा आमच्या बक्षिसांना येणार. एक दिवस जरी बुडाला, तर कॅसिनोवाले लगेच वरती सरकारकडे जाऊन सांगायला मोकळे, की बघा, घोडेवाल्यांनाच पळायचं नाही, आम्हाला या बंधनातून सोडवा. मग ट्रॅकवर डांबर ओतून गाड्या लावतील. मागे तबेल्यांत चारशे माणसं राबतात, त्यांनी काय मशीनांच्या काचा पुसायच्या?

तर सहा-सहा घोडे भरायचं काम माझं. बावीस वर्षं शर्यतीची कचेरी चालवतेय, अजून एक दिवस बुडालेला नाही.

आज कॅसिनोतून एक बाई बाथरूम शोधत शोधत आमच्या मजल्यावर आली. काचेतून खाली बघून मला विचारते, "ते घोडे खरे आहेत की पडद्यावरचे?" म्हटलं, "खरे आहेत बाई, लाथ खाऊन बघता का?" ती घाबरून पळालीच. ज्यांच्या परवान्यासाठी आपण घोडे पळवतो, त्यांच्या गिऱ्हाइकांना ते दिसतसुद्धा नाहीत. मधे भिंत आहे.

२३ जुलै, बुधवार

सकाळी सात ते दहा फोन. "मला एक घोडा दे रे," एवढंच म्हणायचं. माझा कारकून डडली म्हणतो, "तुम्ही फोनला हात लावला की घोडे आपोआप चालत येतात." लोकांचं प्रेम आहे, दुसरं काय. माझा नवरा नेल्सन इथला नालबंद होता, इथल्या अर्ध्या घोड्यांचे खूर त्याने हातात धरलेले. तो गेल्यापासून हीच माणसं माझं घर.

तबेल्यातली ठाणं वाटायचं कामही माझ्याकडेच आहे. ज्याचे घोडे पळतात त्याला ठाण, सरळ मामला. मी कधी कुणाला बोलून दाखवत नाही, तशी गरजच पडत नाही. गेल्या वर्षी ट्रेनर मूटॉनने मला दोनदा नाही म्हटलं. यंदा त्याला नाल्याकाठची, डासांची ठाणं मिळाली. योगायोग. मी तसं म्हटल्यावर डडली हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला दिसलं नाही.

कॅसिनोचे नवे साहेब, व्हिटलो, दुपारी वर आले. नेवाडातून येऊन सहा महिने झाले, अजून उन्हात कोट घालतात. गोड बोलतात. "मिस अर्लीन, एखादी शर्यत नाही भरली तर नाही भरली. जिवाला लावून घेऊ नका." म्हटलं, "साहेब, तुमच्या जिवाला लागत नाही म्हणून तर मला लावून घ्यावं लागतं." हसले. पण माणूस वाट बघतोय. गिधाड कसं घाई न करता बसतं, तसा.

२ ऑगस्ट, शनिवार

चौसष्ट.

पण तीन तबेल्यांत घोड्यांना खोकला सुटलाय. सरकारी डॉक्टरांनी ते तबेले बंद केले, दोन आठवडे तिथला घोडा हलायचा नाही. म्हणजे शंभरावर घोडे एका सकाळीत गेले. कचेरीत फळ्यासमोर उभी राहून एकेक नाव खोडत गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर जेवायला ओडियस फ्रुजेकडे. नेल्सनचा जिवलग, एकाहत्तर वर्षांचा, सात घोड्यांचा ट्रेनर. त्याची नात टेसी त्याचेच घोडे पळवते. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मीच तिला हातात धरलं होतं, त्यामुळे मी तिची नॅनन, धर्माची आई. चोवीस वर्षांची, सव्वापाच फूट, आणि जिभेला माझ्यासारखीच धार.

क्रॉफिश भरपूर होते. मी बोटं चाटत होते तर टेसी म्हणते, "नॅनन, तुम्ही आमच्याकडे जेवायला येता की एन्ट्री मागायला?"

"दोन्ही," मी म्हटलं. "पण जेवण आधी."

सगळे हसले. ओडियस जरा जास्तच हसला.

मागे अंगणात त्याची तपकिरी घोडी, मादाम पोल, पाय बर्फाच्या बादलीत घालून उभी होती. "मागचा डावा," तो म्हणाला. "तसं काही नाही, थोडे दिवस आराम देतोय." म्हातारा तिला मुलीपेक्षा जपतो. शिंकली तरी डॉक्टर.

११ ऑगस्ट, सोमवार

गुरुवारच्या आठ शर्यतींपैकी सात कशाबशा भरल्या. पाचवीत पाचच. सकाळभर फोन केले. कुणाचा घोडा खोकतोय, कुणाचा कालच पळालाय, कुणी घोडे घेऊन टेक्ससला गेलाय. मूटॉनने मात्र होता तो न खोकणारा घोडा दिला, म्हणाला, "अर्लीन, माझं नाव नीट लिहून ठेव हं." म्हटलं, "नेहमीच लिहिते." तो पाचवा.

सहावा नाहीच. ओडियसला चार वेळा फोन लावला, उचलला नाही. दहा वाजता एन्ट्री बंद, मग नंबरांच्या गोट्या काढायच्या. दहाला पाच कमी असताना मी चिठ्ठी घेतली आणि स्वतः लिहिलं: मादाम पोल, मालक व ट्रेनर ओ. फ्रुजे, जॉकी टी. फ्रुजे. फोनवर आलेल्या एन्ट्रीच्या चिठ्ठ्या आम्हीच लिहितो, त्यात नवीन काही नाही. फक्त फोन आला नव्हता.

डडलीने चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पेटीत टाकली.

ओडियस काय नाही म्हणणार आहे? बावीस वर्षांत एकदाही म्हणाला नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ओडियस सकाळी सातलाच कचेरीत. हातात गुरुवारचं छापील पत्रक. दारातच टोपी काढून उभा.

"अर्लीन, पाचव्या शर्यतीत माझी घोडी दिसतेय."

"दिसतेय ना? म्हणजे चष्मा बरा आहे तुझा."

डडली हसला. ओडियस नाही हसला. "मी एन्ट्री दिल्याचं आठवत नाही."

"चारदा फोन केला तुला. होतास कुठे?"

"राइस मिलवर. कोंडा आणायला."

"मग तुझ्या वतीने मी दिली. सहावा घोडा नव्हता रे. तू काय नाही म्हणाला असतास?"

तो टोपीची कड बोटांतून फिरवत राहिला. "नाही, नाही म्हणालो नसतो. पण ती त्या मागच्या पायावर जरा..."

"गुरुवारी सकाळी डॉक्टर तपासणारच आहेत. त्यांना वाटलं तर ते काढतील."

"हो. ते तपासतील म्हणा." मग जरा थांबून म्हणाला, "पुढच्या हंगामाला दोन नंबरचा तबेला मलाच ना? टेसीला तिथून ट्रॅक जवळ पडतो."

"हे काय विचारणं झालं?"

"नाही, सहज विचारलं." आणि गेला. गंमतच वाटली मला. बोलतोय घोडीबद्दल आणि मधेच तबेला. वय झालं की बोलणं भरकटतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पाचवी शर्यत झाली.

शेवटच्या वळणावर मादाम पोलचा मागचा डावा पाय मोडला. टेसी तिच्या पुढे पडली आणि घोडी तिच्यावर. लोकांना दिसू नये म्हणून हिरवा पडदा आणून लावला. घोडीला तिथेच शेवटचं इंजेक्शन दिलं. टेसीला हेलिकॉप्टरने लाफायेटला नेलं.

बाकी पाच घोडे शेवटपर्यंत पळाले, म्हणून शर्यत धरली गेली. सहावी, सातवी, आठवीही झाली. सत्तर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आज मरियमचा सण. चर्चमध्ये बसले, पण प्रार्थनेचे शब्द आठवेनात. ओडियस इस्पितळातच आहे. टेसीच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलंय, पाठीचे दोन मणकेही. चालेल म्हणतात. घोड्यावर बसायचं नाव नको.

डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी घोडीचा पाय दाबून पाहिला होता. गार होता, सूज नव्हती. मी काय, डॉक्टरांनीच पास केलं होतं ना? हे वाक्य काल रात्रीपासून मी स्वतःला किती वेळा ऐकवलं, कोण जाणे. ब्लडप्रेशर तर काही उतरत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

व्हिटलोसाहेबांनी टेसीला भलामोठा गुच्छ पाठवला. कचेरीत सगळे म्हणाले, माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

दुपारी डडली सांगतो, त्यांच्या वकिलांनी पाचव्या शर्यतीच्या चित्रफितीची प्रत मागवलीय. तिन्ही कॅमेऱ्यांची. सप्टेंबरात बॅटन रूजला आमदारांची समिती बसणार आहे, शर्यतीशिवाय कॅसिनो चालू द्यायचा का, यावर. तिथे दाखवणार.

म्हणजे बघा. शर्यत न भरण्याची ते वाट बघत होते, असं मी समजत होते. त्यांना त्याची गरजच नव्हती. मी भरली तीच त्यांच्या कामाला आली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज स्टुअर्डांसमोर, म्हणजे शर्यतीच्या पंचांसमोर, चौकशी. घोडा कोणत्या अवस्थेत पळाला याला ट्रेनरच जबाबदार, हा नियम दगडावर कोरलेला. ओडियस रविवारचा कोट घालून आला होता. मी साक्षीदार म्हणून बाजूला बसले.

मुख्य स्टुअर्डांनी चिठ्ठी दाखवली. "ही एन्ट्री तुम्ही दिली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओडियस म्हणाला, "हो. फोनवर दिली. मीच."

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी तोंड मिटलं. एक वर्ष बंदी, ठाणं काढून घेतली. दहा मिनिटांत सगळं संपलं.

काय माणूस आहे! नेल्सनच्या मैत्रीला जागला. मी बोलले असते तर वकिलांना आयतंच मिळालं असतं: कचेरीच खोट्या एन्ट्र्या भरते. मग चारशे माणसांचं काय? मी गप्प राहिले ते माझ्यासाठी नाही. असं लिहिलंय खरं, पण वाचून बघितलं तर मलाच पटत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

ऐंशी. झाले.

शेवटच्या शर्यतीनंतर ट्रेनर लोकांनी कचेरीत बूदँच्या सॉसेजचं ताट आणलं. मूटॉनने माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यांनी वाजवल्या, एकाच वेळी सुरू केल्या आणि एकाच वेळी थांबवल्या. मी एक तुकडा खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

टेसीला भेटले. एकटी होती. इतके दिवस मी तिच्यासमोर ओडियसच्या आड बसत होते. आज सांगून टाकलं. चिठ्ठी मी लिहिली, फोन आलाच नव्हता. सांगताना रडले. ती पोर नाही रडली.

"मला माहीत आहे, नॅनन."

"ओडियसने सांगितलं?"

"पत्रक पाहिलं त्याच दिवशी. आणि दोन दिवस आजोबा सतत बर्फ लावून बसले होते, पाय गार राहावा म्हणून. डॉक्टरांच्या हाताला सूज लागू नये म्हणून."

मला क्षणभर कळेना. "पण का? डॉक्टरांनीच काढली असती तर बरं झालं असतं ना! कुणाचं नाव आलं नसतं."

"पाच राहिले असते."

"राहिले असते तर राहिले असते!"

ती छताकडे बघत होती, मान वळवता येत नाही तिला. "असं तुम्ही आज म्हणताय. गेटकडे जाताना मलाही कळलं होतं की ती लंगडतेय. हात वर केला असता तर तिथल्या डॉक्टरांनी थांबवलं असतं. मी तुमच्या खिडकीकडे पाहिलं. तुम्ही दुर्बीण लावून बसला होतात."

"टेसी, तू मला घाबरतेस?"

"सगळेच घाबरतात, नॅनन." रागाने नाही म्हणाली. शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली. "तुमचा फोन आला की आजोबा उभे राहून बोलतात. चौकशीतही म्हणून तर बोलले. म्हणाले, अर्लीनला उघडं पाडलं तर पुन्हा कधी ठाण मिळायचं नाही, आपल्याला नाही आणि आपल्या नावाच्या कुणालाच नाही."

मैत्रीला जागला म्हणे. मी लिहिलं होतं वर. खोडत नाही, राहू दे.

घरी आले आणि मागची पानं वाचली. डासांची ठाणं. "योगायोग." माझंच अक्षर आहे. मी ही माणसं वाचवत होते असं समजून बावीस वर्षं त्यांच्या मानेवर बसले होते, आणि ती बिचारी मला जागा देत होती.

४ सप्टेंबर, गुरुवार

पत्र लिहिलं. एक पान. एन्ट्री ओ. फ्रुजे यांनी दिली नव्हती, मी दिली. चिठ्ठी मी लिहिली. नाही म्हटलं तर ठाणं जातील अशी त्यांना भीती होती, आणि ती भीती खरी होती.

मुख्य स्टुअर्डांनी उभ्याउभ्या वाचलं. "अर्लीन, समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. हे तू आत्ता देतेयस?"

"हो."

"हे वाचून ते आपल्याला खाऊन टाकतील. हे घे, खिशात घाल. मी पाहिलंच नाही."

नेल्सनची शप्पथ, हात पुढे गेला होता माझा. बोटं कागदाला लागलीही होती. मग तो हात मागे घेतला आणि म्हटलं, "तारीख टाका, शिक्का मारा, मला पोच द्या." त्यांनी तोंड फिरवून शिक्का मारला.

डडलीला किल्ल्या दिल्या. तो म्हणाला, "मीही चिठ्ठी पेटीत टाकली होती, मिस अर्लीन." म्हटलं, "तुझी नोकरीही माझ्याच हातात होती ना, राजा." त्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

१० सप्टेंबर, बुधवार

समितीत काल चित्रफीत दाखवली आणि माझं पत्रही वाचलं. निकाल पुढच्या महिन्यात, पण सगळे म्हणतात, शर्यती गेल्यात जमा. व्हिटलोसाहेबांनी फोन करून माझे आभार मानले. मी फोन ठेवला.

सकाळी किराणा दुकानात मूटॉन भेटला. माझ्याकडे बघून तंबाखूची पिचकारी टाकली, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. त्याच्या पोटावर पाय आलाय, त्याचं काही चुकलं नाही. आणि मला आता कळतंय की मागच्या महिन्यात टाळ्या वाजवतानाही त्याला हेच करायचं होतं.

ओडियसची बंदी वर्षावरून तीन महिन्यांवर आली. ते सांगायला दहा वाजता त्याला फोन लावला. लगेच उचलला.

"ओडियस, मी अर्लीन."

"हो, हो. बोल, अर्लीन." तोच नेहमीचा आवाज, तत्पर. मला आता त्यात उभा राहिलेला माणूस दिसला.

बंदीचं सांगितलं. पत्राचं सांगितलं.

"म्हणजे तू आता कचेरीत नाहीस?"

"नाही. किल्ल्या दिल्या."

"परत घेतील?"

"नाही."

"ठाणं कोण वाटणार?"

"माहीत नाही. वाटायला ठाणं राहिली तर. मी नाही, एवढं नक्की."

"म्हणजे तुझ्या हातात आता काहीच नाही."

"काहीच नाही, ओडियस."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो बसल्याचा.

"तर मग ऐक," तो म्हणाला.